लेकरं तिकडे, कागद इकडे: नोकरीवरच्या ग्रीन कार्डासाठी सातारा-सांगलीतून कागदपत्रं जमवताना पडणारे प्रश्न

मी निवृत्त मुख्याध्यापक. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात, तासगाव आणि खानापूर तालुक्यांत झाली. लेक आणि जावई अमेरिकेत असतात. लेकीच्या ग्रीन कार्डाचे, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचे, कागद मी इथून जमवले. ते कळल्यावर नात्यातल्यांचे, मग गावातल्यांचे, मग अनोळखी लोकांचेही फोन येऊ लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी वकील नाही. अर्जातला कुठला रकाना कसा भरायचा ते तिकडच्या वकिलालाच विचारा. पण आपल्याकडचा दाखला कुठल्या कचेरीत असतो आणि नसला तर काय करायचं, यासाठी मी बऱ्याच पायऱ्या झिजवल्या आहेत.

सर, सगळं कंपनीच करते ना? मग आम्हाला कागद कशाला मागतात?

काम तीन टप्प्यांत चालतं. आधी कंपनी अमेरिकेच्या कामगार खात्याकडे अर्ज करते. त्याला ‘पर्म’ म्हणतात, फॉर्म ९०८९. या जागेसाठी तिथला योग्य माणूस मिळाला नाही, हे त्यात दाखवावं लागतं. मग कंपनीच आय-१४० हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे भरते. तिसरा टप्पा तुमच्या मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा. ती अमेरिकेत असेल तर आय-४८५ हा अर्ज, इथे असेल तर डीएस-२६० हा अर्ज आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

पहिल्या दोन टप्प्यांत पदवी आणि अनुभवाचे कागद लागतात. तिसऱ्यात जन्म आणि लग्नाचे, तेही नवरा, बायको, मुलं अशा प्रत्येकाचे. ते कंपनी आणून देत नाही, कारण ते आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, शाळेत आणि कोल्हापूरच्या विद्यापीठात आहेत.

रांग दहा-बारा वर्षांची आहे म्हणतात. मग आत्ताच घाई कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात. बायको-मुलंही त्यातच मोजतात. एका देशात जन्मलेल्या लोकांना साधारणपणे त्यातली ७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग लांबत गेली. २०२५ मध्येही ईबी-२ (उच्च शिक्षण लागणाऱ्या नोकऱ्या) आणि ईबी-३ (साध्या पदवीच्या किंवा कौशल्याच्या नोकऱ्या) या दोन्ही गटांत २०१३ साली नंबर लावलेल्या भारतीयांचीच पाळी चालली होती. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तारीख म्हणजे रांगेतला नंबर. तिला ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात.

पण ही रांग एसटीच्या थांब्यावरच्या रांगेसारखी एकेक पाऊल सरकत नाही. दर महिन्याला अमेरिकी सरकारचं व्हिसा बुलेटिन निघतं, कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते त्यात असतं. त्यातली तारीख महिनोन्‌महिने हलत नाही, कधी उलटी मागे जाते आणि कधी एकदम उडी मारते. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ची अर्ज भरण्याची तारीख भारतीयांसाठी अचानक १ जानेवारी २०१५ पर्यंत आली. तेव्हा इथे कोरोनाची लाट होती आणि कचेऱ्यांत माणसं नव्हती. ज्यांचे कागद घरात तयार होते त्यांनी अर्ज भरले. ज्यांचे नव्हते त्यांचे आई-बाप मास्क लावून ग्रामपंचायतीच्या बंद दारापुढे उभे होते. त्या आठवड्यांतले फोन मी अजून विसरलेलो नाही.

दुसरं कारण माझ्या मते याहून मोठं आहे. ज्यांचा जन्मदाखला सापडत नाही त्यांना साक्षीदार लागतात. जन्माच्या वेळी हजर असलेली किंवा जन्म स्वतः माहीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. रांग थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत. माझ्या लेकीच्या वेळी आमच्या सौभाग्यवतींच्या मावशींनी प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

जन्मदाखला नेमका कुठे शोधायचा?

जन्म जिथे झाला तिथे. सांगायला सोपं वाटतं, पण निम्मे लोक इथेच चुकतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मूल वाढतं वडिलांच्या गावी आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणूनही तेच गाव पडतं. मग लोक वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत वर्षानुवर्षांच्या वह्या उलटतात आणि नोंद असते आईच्या गावी. म्हणून आधी आईला, आजीला विचारा: बाळंतपण कुठे झालं, घरात की दवाखान्यात, दवाखाना कुठल्या गावचा?

मिरजेच्या किंवा सांगलीच्या दवाखान्यात जन्म झाला असेल तर आता सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे जायचं. ही महापालिका १९९८ साली झाली, त्याआधीच्या नोंदी जुन्या नगरपालिकांच्या वह्यांत आहेत. तेव्हा अर्जात ‘मिरज नगरपालिका हद्द’ असं स्पष्ट लिहा. साताऱ्यात किंवा कराडात जन्म असेल तर तिथली नगरपालिका. गावात घरी जन्म असेल तर ग्रामपंचायत.

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाईवाल्यांच्या घरात वेगळीच अडचण असते. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी माणसं तमिळनाडू, केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, कुठेकुठे गेली आणि मुलं तिकडेच झाली. त्यांचा दाखला त्या गावच्या नगरपालिकेतच मिळणार, तोही बऱ्याचदा तिथल्या भाषेत. गावाकडे नोंद शोधण्यात वेळ घालवू नका.

दाखल्यावर पाच गोष्टी बघून घ्या: मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईचं नाव, वडिलांचं नाव. यातलं एक जरी नसलं तरी पुढे प्रश्न येतो.

नोंदच सापडली नाही तर?

आधी खरंच नाही का, ते बघा. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा, तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. अमेरिकी खातंही भारतीयांच्या बाबतीत हीच तारीख धरतं. त्यानंतर जन्मलेल्याकडून जन्मदाखला अपेक्षित असतो. खेडेगावांत जुन्या नोंदी कोतवालाकडे असत. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. ही पुस्तकं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे गठ्ठे पुन्हा उघडले गेले, आणि कोतवाल बुक म्हणजे काय हे कारकुनापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. फार जुनी नोंद मोडीत असते. ती वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो.

एक लक्षात ठेवा, कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुधा नसतं. ‘अमक्याची बायको अमकी हिला मुलगी झाली’ एवढंच असतं. तरी त्या नकलेवर तहसीलचा शिक्का असतो, आणि सरकारी दप्तरातला त्या काळचा कागद म्हणून तिला वजन असतं.

तिथेही नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्या, नमुना १०. अमुक वर्षांच्या वह्या तपासल्या, नोंद आढळली नाही, असं त्यात असतं. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, नम्रपणे सांगा की मुलाचं नाव, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख आणि कुठल्या वर्षांच्या वह्या पाहिल्या हे सगळं त्यात आलं पाहिजे. ‘नोंद मिळून येत नाही’ एवढ्या एका ओळीचा कागद घेऊन परत येऊ नका.

मग पर्यायी पुरावे जोडायचे. पहिलीत घातलं तेव्हाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, दवाखान्याचा कागद असेल तर तो. या सगळ्यांबरोबर किमान दोन प्रतिज्ञापत्रं. साक्षीदार स्वतः त्या अर्जातला लाभार्थी नसावा आणि त्याला जन्माची माहिती स्वतःची असावी, ऐकीव नको. आई-वडील देऊ शकतात, मामा, मावशी, चुलते देऊ शकतात. साक्षीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, त्याची स्वतःची जन्मतारीख आणि जन्मगाव, नातं, आणि त्याला ही गोष्ट कशी माहीत, हे सगळं लिहा. शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची. आमच्या मावशींच्या प्रतिज्ञापत्रात होतं: ‘बाळंतपण माझ्या राहत्या घरी झाले. सुईण आली होती, मी पाणी तापवून देत होते. आषाढी एकादशीनंतरचा तिसरा दिवस होता.’ मी पंचांग बघून तारखेशी ताडून घेतलं. ठोकळेबाज मजकुरापेक्षा असं एक वाक्य जास्त काम करतं.

साक्षीदाराला इंग्रजी येत नसेल तर प्रतिज्ञापत्र मराठीतच करा, नोटरीसमोर वाचून दाखवा आणि भाषांतर जोडा. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली इंग्रजी कागद ठेवणं मला पटत नाही.

मुलाची जन्मतारीख शाळेत १ जून आहे. खरी वेगळी आहे. काय करावं?

या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मला अवघड जातं, कारण अशा तारखा मी स्वतः लिहिल्या आहेत.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. शिक्षक वाडीवस्तीवर फिरून मुलं गोळा करायचे. आईला विचारलं की ती म्हणायची, ‘ज्वारीच्या काढणीला झाला’, ‘मोठ्या पुराच्या वर्षी झाली’. पहिलीला वय बसलं पाहिजे, म्हणून मास्तर वर्षाचा अंदाज बांधायचे आणि १ जून लिहून टाकायचे. एका पानावर दहा-बारा मुलांची जन्मतारीख १ जून, अशी पानं माझ्या हस्ताक्षरात आहेत. मूल शाळेत यावं हीच तेव्हा मोठी गोष्ट वाटत होती. ती तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर आणि सातासमुद्रापार जाईल असं मनात आलं नाही. त्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं.

आता उपाय. ग्रामपंचायतीतला जन्मदाखला १४ ऑक्टोबर सांगतो आणि पासपोर्ट १ जून सांगतो, तर दोन्ही कागद वकिलापुढे ठेवा. आधीच्या व्हिसाच्या अर्जांत कुठली तारीख दिली होती तेही सांगा. काही वेळा पासपोर्ट जन्मदाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचा सल्ला मिळतो, काही वेळा दोन तारखा का आहेत याचं प्रतिज्ञापत्र जोडून खरी तारीख सांगायचा. शाळेच्या आजच्या मुख्याध्यापकांकडून प्रवेश-निर्गम वहीच्या त्या पूर्ण पानाची खरी नक्कल मागा. एकाच पानावर बारा जणांचा जन्म १ जूनला, हे पाहिलं की तिकडच्या अधिकाऱ्यालाही गोष्ट समजते. इतर मुलांची नावं झाकून नक्कल घ्यावी.

जे करायचं नाही ते असं: जन्मनोंद खरी असताना ती दडवून १ जूनचा नवा दाखला काढायचा नाही. लोकांना वाटतं, सगळे कागद जुळले की सुटलो. जुळवलेला कागद उघडकीला आला तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, आणि तो आयुष्यभर त्या माणसाला व्हिसापासून लांब ठेवू शकतो. न जुळणाऱ्या खऱ्या कागदांना उत्तर देता येतं.

दाखल्यावर बाळाचं नावच नाही, रेघ मारली आहे.

बारशाआधी नोंद झाली की असंच होतं. जन्माची नोंद आहे, म्हणजे मोठं काम झालेलं आहे. नाव घालायची मुदत नियमाप्रमाणे नोंदणीपासून १५ वर्षं, पण जुन्या नोंदींसाठी शासनाने ती वेळोवेळी वाढवली आहे. निबंधकाकडे जाऊन सध्या मुदत चालू आहे का ते विचारा. शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट बरोबर न्या.

नोंद नाही म्हणून आता उशिरा नोंदणी करून दाखला घ्यावा का?

घेता येतो, पण तोच एक कागद पुरेल असं समजू नका. एक वर्षाहून जास्त उशीर झाला की आधी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. राज्यात या अर्जांची छाननीही आता जास्त कडक आहे. अमेरिकेत असा चाळीस वर्षांनी काढलेला दाखला आला की अधिकारी विचारतो, नोंद करताना पुरावा काय दिला होता? म्हणून उशिराचा दाखला, त्यामागचा आदेश, शाळेचा उतारा आणि प्रतिज्ञापत्रं असा सगळा संच एकत्र ठेवा.

नावांचा गोंधळ: आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर सगळंच बदललं.

आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं. पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव मिळून ‘दिलेलं नाव’ होतं. तिकडच्या अधिकाऱ्याला आपली पद्धत ठाऊक असतेच असं नाही, पण नुसता क्रम वेगळा असला तर फार अडत नाही. अडतं ते आई-वडिलांच्या नावात. दाखल्यावर आई ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, आणि माहेरी नोंद झाली असेल तर तिसरंच नाव. सासरी आल्यावर बाईचं नाव बदलण्याची आपली जुनी रीत आहे. एकाच बाईची ही दोन्ही नावं असल्याचं तिच्या भावाचं किंवा बहिणीचं प्रतिज्ञापत्र घ्या. मुलाने स्वतःचं नाव राजपत्रातून बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचं ते पान जपून ठेवा.

गावांची नावंही तपासा. कडेगावचे लोक जुन्या कागदांवर खानापूर तालुका बघून घाबरतात. आजोबांच्या कागदावर तर ‘दक्षिण सातारा’ जिल्हा असतो, कारण सांगली जिल्ह्याचं १९६० पर्यंत तेच नाव होतं. यात चूक काही नाही. भाषांतराखाली एका ओळीचं स्पष्टीकरण पुरतं.

लग्नाचा दाखला नाही, फोटो आणि पत्रिका आहे. चालेल?

पत्रिका आणि फोटो जोडपुरावा म्हणून ठेवा, पण नोंदणी करून घ्या. १९९८च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लग्न झाल्यानंतर कितीही वर्षांनी नोंद होते. दोघांनी आणि साक्षीदारांनी हजर राहावं लागतं. त्यामुळे जोडपं सुट्टीवर गावी येणार असेल तेव्हाच हे काम धरा. जत्रेला आणि देवदर्शनाला पंधरा दिवस निघतात, त्यातला एक दिवस ग्रामपंचायतीला द्या.

आधीचं लग्न मोडलेलं असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. पंचांसमोर बाँडपेपरवर केलेला काडीमोड सहसा पुरत नाही. घरातले लोक हा विषय टाळतात, पण वकिलापासून लपवू नका.

पदवीचे कागद कुठले? आणि बीएस्सीवर ईबी-२ होतं का?

वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळेचं राजारामबापू, साताऱ्यातली रयतची कॉलेजं, यांतून शिकलेल्या बहुतेकांची पदवी शिवाजी विद्यापीठाची. विद्यापीठ १९६२ पासून कोल्हापुरात आहे. पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा, घ्या. पदवीदान उशिरा झालं असेल तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्रही ठेवा. पदवी पर्म भरायच्या आधी पूर्ण झाली होती, हे तारखेनिशी दिसावं लागतं.

ईबी-२साठी पदव्युत्तर पदवी लागते, नाहीतर चार वर्षांच्या तोडीची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव. आपली तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम तिकडच्या चार वर्षांच्या पदवीइतकी सहसा धरत नाहीत. पदवीचं मूल्यांकन करणारी संस्था वकील सुचवतो. हे पर्मच्या आधी बघायचं असतं, नंतर कळून उपयोग होत नाही.

जुन्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र आणलं आहे, तरी वकील नको म्हणतो.

बहुतेक कंपन्या देतात ते पत्र ‘यांनी आमच्याकडे या तारखेपासून या तारखेपर्यंत काम केले, त्यांना शुभेच्छा’ असं असतं. इथे ते चालत नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. लिहिणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि पत्ता हवा. नोकरी पूर्णवेळ होती का, हुद्दा काय होता, सुरुवात आणि शेवटची तारीख कुठली, आणि मुख्य म्हणजे रोजचं काम काय होतं, कुठली यंत्रं किंवा सॉफ्टवेअर हाताळलं, हे हवं. पर्ममध्ये कंपनीने जे कौशल्य मागितलं आहे ते पत्रात आलंच पाहिजे, पण खरं असेल तरच. सध्याच्याच कंपनीत मिळवलेला अनुभव साधारणपणे धरत नाहीत, त्यामुळे भारतातल्या पहिल्या नोकरीच्या पत्राला अचानक महत्त्व येतं.

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला छोटा कारखाना, मालक गेले, शेड विकली. पत्र कुणाकडून आणायचं? अशा वेळी तेव्हाच्या साहेबांचं किंवा बरोबर काम केलेल्या दोघांचं शपथेवरचं पत्र घ्या. तेही तिथे कामाला होते याचा त्यांचा स्वतःचा पुरावा त्याला जोडा. बरोबर नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक. पीएफची नोंद मला फार मोलाची वाटते. मालकाने पत्र दिलं नाही तरी महिन्यामहिन्याचा भरणा तिथे दिसतो. एका मुलाचं काम आम्ही असंच केलं. त्याचे जुने फोरमन आता शेती करतात. त्यांनी उसाच्या बांधावर बसून आठवून आठवून सांगितलं, मी लिहून घेतलं.

घरच्या दुकानात किंवा चुलत्याच्या वर्कशॉपमध्ये काम केलं असेल तर नातं लपवू नका. हिशेबाचे आणि पगाराचे कागद असतील तरच तो अनुभव दाखवा.

२०१९च्या महापुरात सगळे कागद भिजले.

सांगलीत, पलूस आणि वाळवा तालुक्यांत कित्येक घरांत हे झालं. कपाटातल्या फायलींचा लगदा झाला होता. दहावी-बारावीच्या दुसऱ्या प्रती राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागातून मिळतात. सांगली आणि सातारा हे जिल्हे त्याच विभागात येतात. तिथे जाण्याआधी आपली शाळा गाठा, अर्ज शाळेमार्फत पुढे जाणं सोपं पडतं. पदवीसाठी विद्यापीठ. जन्म आणि लग्नाचे दाखले पुन्हा काढता येतात. सगळ्यात कठीण ते अनुभवाचं पत्र, कारण ते कुठल्या सरकारी दप्तरात नसतं. अर्धवट वाचता येतो असा भिजलेला कागदही टाकू नका, स्कॅन करून ठेवा.

भाषांतर सरकारमान्य माणसाकडूनच करावं लागतं का?

नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणारा कुणीही करू शकतो. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात, असं प्रमाणपत्र त्याने नाव, सही, पत्ता आणि तारखेसह द्यायचं. ज्याचा अर्ज आहे त्याने स्वतः करू नये. भाषांतरात शिक्क्यावरची अक्षरं, समासातला शेरा, पाठीमागची नोंद, सगळं आलं पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असतं, तेही येऊ द्या. जन्मदाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असला तरी हाताने लिहिलेला भाग फक्त मराठीत नाही ना, ते बघा.

अपॉस्टिल करून घ्यायला एजंट पैसे मागतोय.

अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचा परराष्ट्र खात्याचा शिक्का. या कामासाठी तो लागत नाही. इतर काही देशांना लागतं म्हणून लोकांची गल्लत होते. ते पैसे वाचवा.

मुलाखत मुंबईत असेल तर वेगळं काय?

मूळ कागद बरोबर न्यावे लागतात. १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला पोलीस क्लिअरन्स लागतो, भारतातला तो पासपोर्ट खात्यामार्फत मिळतो. आखातात किंवा दुसऱ्या देशात वर्ष-दोन वर्षं राहिलेला असेल तर तिथलाही. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडलं तर न्या, नसेल तर डॉक्टर लसी पुन्हा देतात. अमेरिकेत आय-४८५ भरणाऱ्यांना ही तपासणी तिकडे करून अर्जाबरोबरच जोडावी लागते.

नातू १९ वर्षांचा झाला. त्याचं काय होईल?

नातू अमेरिकेत जन्मला असेल तर तो तिथला नागरिक आहे, त्याची चिंता नको. भारतात जन्मून आई-वडिलांबरोबर गेला असेल तर तो अविवाहित आणि २१च्या आत असेपर्यंतच त्यांच्या अर्जात मोडतो. आय-१४० खात्याकडे जितके दिवस पडून होतं तितके दिवस वयातून वजा करायची सोय कायद्यात आहे. ते गणित वकिलाकडून लेखी घ्या. लहानपणापासून तिथे वाढलेली मुलं या नियमाने आई-बापांच्या रांगेबाहेर पडतात. मला या सगळ्या व्यवस्थेत ही गोष्ट सर्वांत क्रूर वाटते.

सून किंवा जावई भारताबाहेर जन्मलेला असेल, समजा मस्कतला, तर वकिलाला आवर्जून सांगा. रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरते, आणि जोडीदाराच्या जन्मदेशाचा फायदा दुसऱ्याला मिळू शकतो. त्या देशातला मूळ जन्मदाखला मग सोन्यासारखा.

मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली. तिचंही असंच असतं का?

थोडं वेगळं. नर्सची टंचाई तिथल्या सरकारने मान्य केलेली असल्यामुळे पर्मची जाहिरात वगैरे लागत नाही, फॉर्म ९०८९ थेट आय-१४० बरोबर जातो. पण तिला एनक्लेक्स ही तिथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा आणि व्हिसास्क्रीन, म्हणजे शिक्षण आणि नोंदणी तपासल्याचं प्रमाणपत्र, लागतं. त्यासाठी कॉलेजकडून प्रशिक्षणाचे तास आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी थेट तिकडे पाठवली जाते. पाठपुरावा मात्र तिनेच करायचा. रांग ईबी-३चीच, तिला त्यातून सूट नाही.

ग्रामपंचायत दाद देत नाही. चारदा गेलो.

तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साल नक्की नसेल तर ‘१९८३ ते १९८६’ अशी वर्षं लिहा. भाऊसाहेबांकडे दोन-तीन गावं असतात. ते कुठल्या वारी येतात ते विचारून जा, आणि वही शोधायला मदत करतो म्हणा. माझा अनुभव असा की बसून वही चाळायची तयारी दाखवली की माणूस मदत करतो. तरीही उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ‘नोंद नाही’ हे लेखी उत्तरही आपल्या उपयोगाचं असतं.

मूळ कागद कुरिअरने अमेरिकेला पाठवू का?

आय-४८५ बरोबर प्रती जोडतात, मूळ कागद मागितले तर दाखवायचे असतात. म्हणून आधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी, रंगीत, शिक्का वाचता येईल असं स्कॅन करून पाठवा. फोनवर काढलेला तिरका फोटो नको. प्रत्येक फाईलला नाव द्या: कोणाचा कागद, कसला, कुठल्या वर्षाचा. मूळ कागद कुणीतरी जाणाऱ्याच्या हातात, हातातल्या बॅगेत द्या. जन्मदाखल्याच्या तीन प्रती एकदमच काढून घ्या, एक तिकडे, एक तुमच्याकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. आणि प्रतिज्ञापत्र दिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो, आधारची प्रत आणि फोन नंबर त्याच पाकिटात ठेवा.